डाव्या खिशातला घोडा

सासऱ्यांनी निघताना मला एकच गोष्ट सांगितली होती. ती मी ऐकली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि पाठ मोडलेली ती जुनी खुर्ची आजही आमच्या तळघरात असती.

"जॅकेट आहे तिथे असू दे," ते म्हणाले होते.

आता तुम्हीच सांगा, 'असू दे' म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? पाहुणा 'असू दे, कॉफी कशाला' म्हणतो तेव्हा आपण शेगडी बंद करतो का? सासरे गुडघ्यांच्या उपचारासाठी तीन आठवडे गरम झऱ्यांच्या गावी चालले होते, विम्याच्या खर्चानं. जॅकेट आमच्या पॅसेजमध्ये खुंटीला होतं. मला वाटलं, भिडेपोटी बोलतायत. गॉटलोब हाउग हा माणूस एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात एकदाही भिडेपोटी काही बोललेला नाही, हे चोवीस वर्षं जावई असलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

जॅकेट एकोणीसशे बावन्न सालचं. घोड्याच्या कातड्याचं, काळं, समोर बटणांच्या दोन रांगा, कमरेला रुंद पट्टा आणि कॉलर अशी की वर केली तर माणसाचं फक्त नाक दिसावं. आमच्या न्हाणीघरातल्या काट्यावर ते साडेतीन किलो भरलं. सासरे तेव्हा मोटरसायकलच्या कारखान्यात फिटर होते, आणि हे जॅकेट घालून त्यांनी सासूबाईंना, म्हणजे हेडविगला, मागणी घातली. त्या म्हणायच्या की मी जॅकेटला हो म्हणाले, आतला माणूस नंतर दिसला. पुढं चाळीस वर्षं ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी हे दोघं साइडकार जोडलेल्या मोटरसायकलवरून डोंगरावरच्या खानावळीत माउलटाशन, म्हणजे आमच्याकडचे मोठे, सारण भरलेले मोदकच, खायला जात. सासरे हँडल धरून, सासूबाई साइडकारमध्ये मांडीवर घोंगडी घेऊन.

सासूबाई गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून सासरे आमच्याकडे राहायला आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहू लागले. चिडचिड नाही, तक्रार नाही. ते बसून राहणंच माझ्या बायकोला, रोझविताला, खुपायचं. गेल्या वर्षीच्या त्या रविवारी ते खिडकीतून हललेसुद्धा नाहीत. गुडघे गेले तेव्हा गाडी त्यांनी त्यांच्या मित्राला, ऑयगेनला, दिली होती. तो ऑयगेन यंदा फेब्रुवारीत येऊन बसला आणि म्हणाला, "गॉटलोब, त्या रविवारी दहाला दारात उभा राहीन. या खेपेला तू साइडकारमध्ये."

सासरे म्हणाले, "बघू."

आमच्या श्वाबियात, दक्षिण जर्मनीच्या या कोपऱ्यात, 'बघू' म्हणजे जवळजवळ शपथ. रोझविता आत जाऊन कांदा नसलेल्या ताटलीसमोर रडली. मला म्हणाली, "हार्टमुट, ते जॅकेट घालून एकदा बाबा त्या गाडीत बसले ना, की मला माझे बाबा परत मिळाले." त्या दिवसापासून तो रविवार आमच्या घरात परीक्षेच्या निकालासारखा कॅलेंडरवर टांगलेला होता.

म्हणूनच माझ्या डोक्यात आलं की जॅकेटला चरबी लावून मऊ करावं. ते इतकं ताठ झालं होतं की खुंटीवरून काढलं तर जमिनीवर आपलं आपण उभं राहायचं. दुसरंही एक कारण होतं, आणि ते कबूल करतो. मी नगरपालिकेच्या पाणी खात्यात मीटरच्या नोंदी ठेवतो. हातात हुन्नर नाही. एकोणीसशे ब्याऐंशी साली मी आमच्या भिंतीला एक फळी ठोकली होती. ती तीन दिवस टिकली. सासरे तो विषय कधीच काढत नाहीत. फक्त घरात आले की त्या भिंतीकडे एकदा बघतात. आणि आता तर ते घरातच राहायचे.

आपण काही करतो आहोत हे शेजाऱ्यांना कळू न देता करायचं, तर आमच्या इमारतीत जन्म घ्यायला नको. तळमजल्यावरच्या बॉयर्लेबाईंनी मला चामड्याच्या चरबीचा डबा आणताना पाहिलं.

"दुकानातली चरबी?" त्या म्हणाल्या. "माझे वडील बूट डुकराच्या चरबीनं पुसायचे. युद्धात गेले आणि त्याच बुटांत परत आले."

वरच्या मजल्यावरचे क्युमर्लेसाहेब रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले तरी जिन्यात भेटलेल्या माणसाकडे ते अजून तिकीट मागायच्या नजरेनं बघतात. "डुकराची चरबी कुजते," ते म्हणाले. "चामड्याची चरबी, तीही मधमाश्यांच्या मेणातली. गरम करून. पहिला हात, मग दोन तास सावलीत हवेवर, मग दुसरा हात. घरात अजिबात नाही."

मी दोघांचंही मन राखलं. पहिला हात डुकराच्या चरबीचा दिला आणि दुसरा दुकानातल्या चरबीचा द्यायचं ठरवलं. मधले दोन तास हवेवर कुठे ठेवायचं हा प्रश्न मात्र राहिला. जिन्यात वस्तू ठेवायला इमारतीच्या नियमांत मनाई. मागच्या अंगणातल्या दोरीवर फक्त धुतलेले कपडे. आमच्या बाल्कनीत दिवसभर ऊन. शेवटी क्युमर्लेसाहेबांनी निकाल दिला: इमारतीच्या दर्शनी बाजूला, भिंतीला लागून, सकाळी सात ते नऊ.

तो गुरुवार होता, आणि त्या गुरुवारी आमच्या रस्त्याचा अवजड कचऱ्याचा दिवस होता. मला ते माहीत नव्हतं असं कृपया समजू नका. माझ्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल चौकोन होता. लोकांनी आदल्या संध्याकाळपासून मोडकी कपाटं, गाद्या, आरामखुर्च्या फूटपाथच्या कडेला मांडल्या होत्या. पण नियम स्पष्ट आहे: कडेला ठेवलेलं ते टाकलेलं, भिंतीशी ठेवलेलं ते घरचं. मी तळघरातली पाठ मोडलेली खुर्ची आणली, भिंतीला अगदी चिकटवून ठेवली, आणि तिच्यावर जॅकेट बसवलं. ते डोकं नसलेल्या सद्गृहस्थासारखं ताठ बसून राहिलं. मग पावणेनऊला मी दुसऱ्या हाताची चरबी गरम करायला वर गेलो. तिला अकरा मिनिटं लागली.

खाली आलो तर जॅकेट नव्हतं, आणि खुर्चीही नव्हती. भिंतीखालची फरशी मात्र लख्ख होती.

बॉयर्लेबाई ओला झाडू घेऊन उभ्या होत्या. "या आठवड्यात झाडण्याची पाळी तुमची," त्या म्हणाल्या. "पाळीची पाटी तुमच्या दाराला लटकतेय. मंगळवारी तुम्ही भिंतीखाली झाडलं नव्हतं. मी काही बोलले नाही. म्हटलं, आपणच झाडून घेऊ. त्यासाठी खुर्ची जरा पुढं सरकवली."

"किती पुढं?"

"कडेपर्यंत. फरशी वाळेस्तोवर. मग फोन वाजला."

मी तसाच, चरबीचं भांडं हातात घेऊन, पोलीस चौकीत गेलो. तिथल्या अंमलदारानं शांतपणे ऐकून घेतलं.

"वस्तू फूटपाथच्या कडेला होती?"

"होती, पण ती..."

"अवजड कचऱ्याच्या दिवशी?"

"हो."

"मग ती नगरपालिकेची झाली. चोरी झाली असेल तर ती नगरपालिकेची झाली. तक्रार तुम्ही कशी करणार?"

"मी नगरपालिकेतच नोकरीला आहे."

"कुठल्या खात्यात?"

"पाणी."

"पाणी नाही चालणार," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्या भांड्यात डोकावून पाहिलं.

कचरा खातं आमच्या खात्याच्या बरोबर खाली आहे. तिथल्या माणसाबरोबर मी अकरा वर्षं कँटीनमध्ये जेवतोय. पण मी काउंटरच्या पलीकडे उभा राहिलो आणि त्याच्या चेहऱ्यावरची ओळख गेली. "जॅकेट म्हणजे वापरलेला कपडा," तो म्हणाला. "अवजड कचऱ्यात कपडे ठेवायला मनाई आहे. तुमची तक्रार घेतली तर आधी मला तुम्हाला दंड करावा लागेल."

"पण मी ते ठेवलंच नव्हतं."

"मग ते आमचं झालंच नाही. मग ती चोरी. पोलिसांत जा."

मी परत पोलिसांत गेलो. ते सगळं पुन्हा सांगत नाही. माणसाच्या प्रतिष्ठेलाही मर्यादा असतात. एवढंच सांगतो की संध्याकाळी मी इमारतीच्या पायरीवर बसलेला असताना बॉयर्लेबाई म्हणाल्या, "त्या व्हॅनवर तर नाव लिहिलेलं होतं. फिंकबायनर, घरं रिकामी करून मिळतील. खाली गावाचं नावही होतं. दर वर्षी येतो मेला, उतारावर हँडब्रेक न लावता उभा करतो."

"बाई, हे तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही पळत सुटलात."

शुक्रवारी मी रजा टाकली. सासरे शनिवारी दुपारच्या गाडीनं येणार होते. रोझविताला मी सगळं सांगितलं होतं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "जॅकेट मिळालं नाही तर बाबा रविवारी जाणार नाहीत. आणि या वर्षी गेले नाहीत तर परत कधीच जाणार नाहीत. आण ते."

फिंकबायनरचं गाव अर्ध्या तासावर होतं. कोठाराच्या पायरीवर एक जाडजूड माणूस बटाटे सोलत बसला होता, आणि त्याच्या अंगावर माझ्या सासऱ्यांचं जॅकेट होतं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यानं बटाटा पुरा सोलला, जॅकेट उतरवलं आणि माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "सकाळपासून दोन गिऱ्हाइकांना दाखवलं. घालून बघतात आणि नाक धरतात. याला डुकराचा वास का येतो?"

बॉयर्लेबाईंच्या वडिलांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

"खुर्ची मात्र देणार नाही," फिंकबायनर म्हणाला. "ती खरी वस्तू आहे. तिला पाठ बसवली की शहरातले लोक रांग लावतील." खुर्ची रोझविताच्या आजीची होती. मी म्हटलं, ठेवा. आणि निघता निघता, निव्वळ खात्याची सवय म्हणून, विचारलं, "खिशांत काही होतं का?"

"डाव्या खिशात एक वाळका चेस्टनट होता. बोकडाला टाकला."

कुंपणापलीकडून बोकडानं माझ्याकडे बघितलं. मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

घरी आलो तो विजयी वीर होऊन. जॅकेट मऊ झालं होतं, चमकत होतं, वाटेतल्या वाऱ्यानं वासही बराच गेला होता. रोझवितानं ते माझ्या हातातून घेतलं, छातीशी धरलं आणि पहिल्यांदा डाव्या खिशात हात घातला. मग उजव्या. मग परत डाव्या. आणि ती कपड्यांच्या टोपलीवरच बसली.

आमच्याकडे संधिवातासाठी खिशात चेस्टनट ठेवायची पद्धत आहे. रस्त्याकडेच्या झाडाची ती तपकिरी गुळगुळीत बी, सुपारीहून मोठी, खाण्याच्या उपयोगाची नाही. चालताना बोटांत फिरवायची. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, पण ठेवतात सगळेच. सासूबाई दर ऑक्टोबरात जुना चेस्टनट काढून सासऱ्यांच्या जॅकेटच्या डाव्या खिशात नवा ठेवत. शेवटचा त्यांनी ठेवला, आणि पुढच्या महिन्यात त्या गेल्या. तो कुणी बदलला नव्हता.

"आईनं ठेवलेला शेवटचा," रोझविता म्हणाली. "दर रविवारी मी जाता-येता चाचपायचे. आहे ना, बघायचे."

इतके दिवस मला वाटायचं ती धूळ झटकते.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आयुष्यात मी बरीच कामं बिघडवली आहेत, पण ती सगळी नीट करता येण्यासारखी होती. फळीचीसुद्धा भोकं बुजवता आली. बोकडाच्या पोटातून मी काय परत आणणार होतो? "बाबांना खरं सांगू," मी म्हणालो.

"रविवारनंतर," ती म्हणाली. "रविवारी त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं पाहिजे. जा, चेस्टनट आण."

तुम्ही कधी एप्रिल महिन्यात चेस्टनट शोधलाय का? नदीकाठच्या रांगेतल्या झाडांना तेव्हा चिकट कळ्या असतात आणि गेल्या हंगामाचे चेस्टनट खारींच्या ताब्यात असतात. मी औषधाच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे चेस्टनटचं मलम होतं, ट्यूबमधलं. क्युमर्लेसाहेब म्हणाले, खारी झाडाच्या उत्तरेला पुरतात. मी बागेत झाडाच्या उत्तरेला खुरपं घेऊन गुडघे टेकून उकरत होतो, तेव्हा आमचे खातेप्रमुख सपत्नीक फिरायला आले. मी रजेवर होतो, आणि अर्जात कारण म्हणून 'कौटुंबिक निकड' लिहिलं होतं. त्यांनी टोपी उचलली आणि काही विचारलं नाही. सापडले ते तीन चेस्टनट, तिन्हींना बोटभर पांढरे कोंब फुटलेले.

बॉयर्लेबाईंच्या एप्रनच्या खिशात एक आहे हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. त्यांनी खिशावर हात ठेवला. "फरशी झाडली ती चूक माझी," त्या म्हणाल्या. "तळघर मागा, देते. पण हा चार वर्षांचा आहे, माझ्या कंबरेला सवयीचा झालाय." मग दारातून परत हाक मारून म्हणाल्या, "बालवाडीत बघा. तिथे काही टाकत नाहीत."

साडेतीनला बालवाडीच्या गुडरूनबाई कुलूप लावत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, बोकडासकट. त्यांनी कुलूप परत उघडलं. खिडकीत शरद ऋतूतली फौज अजून उभी होती: चेस्टनटची माणसं, साळिंदरं, घोडे, सगळ्यांना काडेपेटीच्या काड्यांचे हातपाय.

"मुलांचे मी देऊ शकत नाही," गुडरूनबाई म्हणाल्या. "सोमवारी हजेरी होईल आणि मला जाब द्यावा लागेल. पण हा घोडा माझा. कसा करायचा ते दाखवायला केला होता." घोडा एका बाजूला कलला होता. धड म्हणून एक चांगला मोठा, सुरकुतलेला, वाळलेला चेस्टनट होता, अगदी पाहिजे तसा. त्यांनी एक एक करून काड्या ओढून काढल्या. शेवटची काढताना म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई ऑक्टोबरात इथे कुंपणाशी यायच्या. आमच्या झाडाखाली तासभर निवड करायच्या. उचलायच्या, हातात फिरवायच्या, टाकायच्या. मुलं त्यांना चेस्टनटची आजी म्हणायची."

मी तिथे दाराशी उभा राहून रडलो. पाणी खात्यातला माणूस, वय पन्नास, हातात बिनपायाचा घोडा.

चार पायांची चार, मानेचं एक, शेपटीचं एक, अशी सहा भोकं होती. क्युमर्लेसाहेबांनी ती मेणात तपकिरी बूटपॉलिश कालवून बुजवली. चष्मा काढून, परत लावून त्यांनी तो चेस्टनट तिकिटासारखा तपासला आणि म्हणाले, "वैध आहे."

शनिवारी सासरे आले. पॅसेजमध्ये बॅग ठेवली. जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फळीच्या भिंतीकडे. जॅकेटची बाही दोन बोटांत धरून त्यांनी मुडपली, आणि ती मुडपली गेली. मग त्यांचा हात डाव्या खिशात गेला. स्वयंपाकघरात रोझविताची सुरी थांबली. हात खिशातच राहिला. 

"मऊ झालंय," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. रात्री जेवताना त्यांनी बटाट्याचं सॅलड दुसऱ्यांदा घेतलं. इतर ठिकाणी ज्याला टाळ्या म्हणतात ते आमच्याकडे हे.

रविवारी दहाला, एक मिनिटही इकडेतिकडे न होता, ऑयगेन गाडी घेऊन दारात आला. बॉयर्लेबाई झाडू घेऊन, क्युमर्लेसाहेब हातात घड्याळ घेऊन हजर होते. सासरे जॅकेट घालून खाली आले, पट्टा आवळला आणि साइडकारपाशी येऊन थांबले. बसेनात. त्या सीटकडे बघत उभे राहिले. तिथे चाळीस वर्षं दुसरंच कुणी बसलं होतं.

"घोंगडी राहिली," रोझविता म्हणाली आणि वर पळाली. मला वाटतं तिला तो डोळ्यांपुढचा क्षण सोसेना.

सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं आणि डाव्या खिशातून मूठ काढून उघडली. हाताच्या उबेनं मेण वितळलं होतं. तळवा तपकिरी झाला होता.

"सहा भोकं," ते म्हणाले.

"घोडा होता, बाबा," मी म्हणालो. रविवारनंतर सांगायचं ठरलं होतं, पण त्यांच्या तळव्यासमोर मला खोटं सुचेना. "बालवाडीतला. तुमचा बोकडानं खाल्ला. चूक माझी. तुम्ही सांगितलं होतंत, असू दे."

"बोकडाला काही झालं नाही ना?"

"नाही. चांगला आहे."

"हं." त्यांनी घोडा बोटांत फिरवला. "बोकडानं खाल्ला तो हेडविगचा नव्हता, जावईबापू. तिचा मी ती गेली त्याला वर्ष झालं त्या दिवशी तिच्याकडे नेऊन ठेवला. मातीत, वीतभर खाली. गुडघे तिचेही दुखायचे. आयुष्यभर माझ्या खिशात ठेवत आली, स्वतःच्या कधी ठेवला नाही."

मी गडबडलो की माझ्या तोंडून नगरपालिका बोलते. मी म्हणालो, "दफनभूमीत झाडं लावायला मनाई आहे, बाबा."

"वाळलेला होता. उगवत नाही. मी चौकशी केली होती."

"मग खिशात होता तो?"

"परत येताना रस्त्यावरून उचलला. रोझविता दर रविवारी खिसा चाचपते. रिकामा लागला असता तर पोरीला काय वाटलं असतं? म्हणून म्हटलं होतं, जॅकेट असू दे. तिला यातलं बोलू नका."

"तिला माहीत आहे, बाबा. बोकडाचं. परवापासून ती रडतेय. तिला वाटतं आईचा शेवटचा गेला."

तेवढ्यात रोझविता घोंगडी घेऊन आलीच. सासऱ्यांनी मूठ मिटली नाही. तिनं त्या तळव्याकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"रोझी," सासरे म्हणाले, "आईचा आईजवळच आहे. वर्ष झालं त्या दिवसापासून. मीच ठेवला."

"मग दर रविवारी मी चाचपायचे तो?"

"रस्त्यावरचा."

"आणि बोकडानं?"

"तोच खाल्ला. रस्त्यावरचाच."

रोझविता हसायला लागली. हसता हसता तिनं घोंगडीत तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलत राहिले, आणि सासऱ्यांनी दुसऱ्या, स्वच्छ हातानं तिचं डोकं थोपटलं. मी चोवीस वर्षांत त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. बॉयर्लेबाई फरशी झाडू लागल्या, तिथे झाडण्यासारखं काही नव्हतं तरी.

"यंदा निघायचंय की पुढच्या वर्षी?" ऑयगेननं विचारलं.

सासऱ्यांनी घोडा डाव्या खिशात टाकला. "घोड्याच्या कातड्यात घोडा. चालेल," ते म्हणाले, आणि साइडकारमध्ये बसले. रोझवितानं त्यांच्या मांडीवर घोंगडी पसरली, जशी सासूबाई पसरून घेत तशीच, काठ आत दुमडून. "दफनभूमीवरून घे," त्यांनी ऑयगेनला सांगितलं. "दोन मिनिटं थांबू. मग जेवायला." गाडी सुरू झाली, कॉलर वर गेली, आणि वळणावर दिसेनासं होईपर्यंत त्यांचं फक्त नाक दिसत राहिलं.

ऑक्टोबरात मी आणि सासरे बालवाडीच्या कुंपणाशी गेलो. मी उचलायचो, ते हातात फिरवायचे आणि टाकायचे. तासाभरानं मी उचललेला एक त्यांनी ठेवून घेतला आणि घोडा माझ्या हातात दिला.  येताना हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि एक फळी घेतली. ती त्यांनी भिंतीशी धरली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. ती फळी अजून टिकली आहे.

परवा रोझविता माझा कोट झटकत होती. डाव्या खिशात तिच्या हाताला घोडा लागला. तिनं तो बाहेर काढला, सहा भोकं मोजली आणि परत ठेवला.

"गुडघे दुखतात का तुझे?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

तिनं कोट खुंटीला लावला, बाबांच्या जॅकेटशेजारी, आणि जाता जाता दोन्ही डावे खिसे चाचपून आत गेली.